वाचकांचे प्रश्न : मिस्सा, मौन आणि आपण प्रापंचिक

प्रश्न : बाई, तुमच्या लेखांतून लॅटिन मिस्साविषयीची (भाकर-द्राक्षारसाच्या अर्पणाच्या कॅथलिक उपासनेविषयीची) ओढ वारंवार जाणवते. आपल्याकडे मराठीतून मिस्सा होऊ लागली तेव्हाच आमच्यासारख्या साध्या माणसांना ती कळू लागली. तुम्हाला मराठी मिस्सा नको आहे का? (एक वाचक, नंदाखाल)

उत्तर : मराठी मिस्सा मला हवीच आहे आणि ती कोणी काढून घेऊ लागले, तर विरोध करणाऱ्यांत मी पहिली असेन. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीजांची सत्ता गेली, तरी इथल्या वाड्यांमधली ख्रिस्ती श्रद्धा गेली नाही, कारण ती आयांनी आपल्या बोलीत मुलांना शिकवली होती. त्या भाषेत देवाची उपासना व्हावी, ही इच्छा योग्यच होती. माझ्या लहानपणी फादर आमच्यासारखेच वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत आणि बाकांवरच्या बायका हातात जपमाळ घेऊन आपापली ‘नमो मरिये’ पुटपुटत. घंटा वाजली की सगळे चर्च गुडघ्यांवर वाकत असे. त्या क्षणाचे पावित्र्य मला आजही जाणवते, पण वेदीवर म्हटल्या जाणाऱ्या शब्दांचा अर्थ आमच्यापैकी फार थोड्यांना कळत होता, हेही मी प्रामाणिकपणे सांगते.

माझी तक्रार भाषेविषयी नाही. भाषांतराबरोबर, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या १९६० च्या दशकातील सभेने, मागितले नव्हते असेही पुष्कळ काही बदलले आणि ते महासभेच्या नावावर खपले, ही माझी तक्रार आहे. महासभेने उपासनेविषयीचे संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत केले. मातृभाषेला अधिक वाव द्यावा, असे त्यात जरूर म्हटले आहे. पण लॅटिनचा वापर टिकवावा, मिस्सामध्ये लोकांच्या वाट्याला येणारे भाग त्यांना लॅटिनमध्येही एकत्र म्हणता किंवा गाता यावेत आणि ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला, उपासनेत अग्रस्थान असावे, हेही त्याच संविधानात लिहिलेले आहे. फादरांनी लोकांकडे तोंड करावे याचा तर त्या संविधानात उल्लेखच नाही; वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता येईल, ही सूचना १९६४ मधील एका स्वतंत्र दस्तऐवजातून आली. पुढे पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये नवी मिस्सा मंजूर केली आणि त्या वर्षीच्या नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून ती लागू झाली. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांनी निश्चित केलेला विधी जवळजवळ चारशे वर्षे चालला होता. तो सामान्य माणसाच्या आयुष्यातून पाच-सात वर्षांत नाहीसा झाला. ज्यांना त्याचे दुःख झाले त्यांना मागासलेले ठरवून गप्प बसवण्यात आले, ही गोष्ट मला आजही बोचते.

म्हणून माझे मागणे अगदी लहान आहे. मिस्सा मराठीतच असावी, पण महिन्यातून एखाद्या रविवारी ‘किरिए’ (प्रभो, दया कर), ‘सांक्तुस’ (पवित्र, पवित्र, पवित्र) आणि ‘आन्युस देई’ (हे देवाच्या कोकरा) एवढे तीन भाग आपण जुन्या चालींवर गावेत. त्यांतल्या सोप्या चाली शाळकरी मुलेही लवकर उचलतात. आपली मुले नोकरीसाठी आखाती देशांत आणि कॅनडात जातात, तिथल्या चर्चमध्ये फिलिपिनो, मल्याळी आणि अरब ख्रिस्ती माणसांच्या शेजारी उभी राहतात आणि त्यांच्याबरोबर एक ओळही गाऊ शकत नाहीत. साऱ्या कॅथलिक जगाचा म्हणून एक सामायिक वारसा आपल्याकडे आहे आणि तो आपण मुलांच्या हाती दिलेला नाही.

प्रश्न : माझा मुलगा परदेशात शिकतो. तिथे त्याला जुन्या लॅटिन मिस्साची गोडी लागली आणि आम्हाला त्याचा आनंद झाला. आता मात्र तो म्हणतो की नवी मिस्सा खरी नाही आणि अलीकडच्या पोपांचे ऐकण्याची गरज नाही. त्याला काय सांगावे? (एक माता, माणिकपूर)

उत्तर : त्याची गोडी जपा आणि त्याचा निष्कर्ष नाकारा. दोन्ही एकाच वेळी करणे कठीण आहे, पण आईला ते जमते.

त्याच्या मनात हा राग कुठून आला असेल, ते मी समजू शकते. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी, जुना विधी कधीही रद्द झालेला नव्हता असे सांगून, तो अर्पण करण्याची मोकळीक सर्व धर्मगुरूंना दिली. चौदा वर्षांनी, १६ जुलै २०२१ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी ती मोकळीक काढून घेतली आणि परवानगीचा अधिकार बिशपांकडे दिला. नव्याने दीक्षित झालेल्या धर्मगुरूसाठी तर बिशपांनाही रोमला विचारावे लागते. जी तरुण मंडळी त्या मिस्सामुळे चर्चमध्ये परत आली होती, त्यांना आपल्या घराचे दार बंद झाल्यासारखे वाटले. मलाही तो निर्णय वाचून फार वाईट वाटले आणि ते वाटणे पाप आहे असे मी मानत नाही. चर्चच्या कायद्याचे २१२ वे कलम आपल्याला, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या प्रापंचिकांना, आपले मत आदराने धर्माधिकाऱ्यांसमोर मांडण्याचा हक्क देते आणि प्रसंगी ते कर्तव्यच आहे असे सांगते.

पण दुःख होणे वेगळे आणि चर्चपासून तुटणे वेगळे. १९८८ मध्ये आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या मनाईविरुद्ध चार बिशपांना दीक्षा दिली. परंपरा वाचवण्याच्या तळमळीतून त्यांनी ते केले, असे त्यांचे अनुयायी सांगतात. परंतु पेत्राच्या उत्तराधिकाऱ्याशी, म्हणजे पोपांशी, असलेले ऐक्य हा परंपरेचाच गाभा आहे, आणि तो सोडून परंपरा कशी वाचवणार? त्या कृत्यामुळे चार बिशपांवर आलेला बहिष्कार २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी उठवला, तरी लफेव्र यांच्या संघटनेचे चर्चमधील स्थान तेवढ्याने नियमित झाले नाही. मुलाला विचारा : धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चमधल्या, साध्या, घाईच्या, कधी बेसूर मिस्सामध्येही अर्पणाचे शब्द उच्चारले गेल्यावर वेदीवर तोच प्रभू असतो, यावर त्याचा विश्वास आहे की नाही? असेल, तर ती मिस्सा खोटी म्हणण्याची हिंमत त्याला होणार नाही. जुनी मिस्सा बिशपांच्या परवानगीने जिथे होते तिथे त्याने अवश्य जावे. तिथून बाहेर पडल्यावर इतरांच्या श्रद्धेविषयी तुच्छतेने बोलण्याची सवय मात्र त्याने लावून घेऊ नये. ती सवय लागली, तर प्रार्थनेत घालवलेला त्याचा तास त्याच्या उपयोगी पडला नाही असे मी म्हणेन.

प्रश्न : पुढच्या वर्षी माझ्या मुलीचे पहिले कम्युनियन (मिस्सात ख्रिस्तशरीर प्रथमच स्वीकारण्याचा विधी) आहे. आमच्या वाडीत प्रत्येकाने हॉल घेतला, डीजे लावला. आम्हाला साधेपणाने करायचे आहे, पण सासरची माणसे म्हणतात की लोक नावे ठेवतील. शिवाय इतका खर्च झेपणारा नाही. (एक आई, सांडोर)

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला आनंद झाला, कारण हा प्रश्न विचारणारी आईच आज दुर्मीळ झाली आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी एका चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या मिस्साला गेले होते. मुले रांगेने पुढे येत होती. एका मुलीने तळहातावर ख्रिस्तशरीर घेतले आणि ती बाजूला सरकली, तोच फोटोग्राफरने तिला थांबवले. हात जरा वर धर, इकडे बघ, असे तो सांगू लागला. ती मुलगी आज्ञाधारक होती. तिने हात वर धरला आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसली. तिच्या तळहातावर सृष्टीचा निर्माता होता आणि तिची नजर भिंगाकडे होती. तिचा यात काहीही दोष नव्हता. तिच्या आईवडिलांनी पैसे देऊन बोलावलेल्या माणसाचे तिने ऐकले. ज्यांनी त्याला अडवायचे ते आम्ही सगळे मोठे बाकांवर बसून होतो आणि बऱ्याच जणांचे मोबाइलही वर होते.

हातावर घेतलेले ख्रिस्तशरीर देणाऱ्याच्या समोरच सेवन करायचे असते, हा चर्चचा स्पष्ट नियम आहे. तो मोडला जातो तेव्हा केवळ शिस्त मोडत नाही. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी पहिल्या कम्युनियनचे वय साधारण सात वर्षांवर आणले. तोपर्यंत अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागत असे. इतक्या लहान मुलांना काय कळणार, असा आक्षेप तेव्हाही होता. पोपमहोदयांचे म्हणणे असे होते की, मुलाला सगळे धर्मशास्त्र कळायला नको. श्रद्धेची मुख्य रहस्ये त्याला आपल्या कुवतीप्रमाणे ठाऊक असावीत आणि ही भाकर रोजच्या भाकरीसारखी नव्हे, एवढे त्याने ओळखावे. म्हणजे मुलाकडून अपेक्षा एकाच ओळखीची होती. वर्षभर धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर आणि शिक्षिका ती ओळख करून देतात आणि त्या एका सकाळी आपण ती पुसून टाकतो. त्या दिवशी घरातली सगळी मोठी माणसे कशाविषयी बोलत आहेत, हे मूल पाहत असते. बोलणे केकचे, गाऊनचे आणि जेवणाच्या मेनूचे असेल, तर सणाचा खरा पाहुणा कोण, हे त्याने कसे ओळखावे?

तुम्ही पुढीलप्रमाणे करावे असे मला वाटते. मुलीच्या पहिल्या कन्फेशनच्या (फादरांपुढे पापांची कबुली देण्याच्या) आठवड्यात तुम्ही आणि तुमच्या पतींनीही कन्फेशन करावे आणि शक्य झाल्यास तिच्याबरोबर त्याच रांगेत उभे राहावे. इतर कोणत्याही शिकवणीपेक्षा याचा परिणाम अधिक होतो. मिस्सा चालू असताना फोटो घेऊ नका, तुमच्या बाजूने दुसऱ्या कोणालाही घेऊ देऊ नका. मिस्सा संपल्यावर वेदीच्या पायऱ्यांवर फादरांसोबत एक चांगला फोटो काढा. पोशाख पांढरा आणि स्वच्छ असावा. थोरल्या बहिणीचा किंवा चुलत बहिणीचा असला तरी चालेल. जेवण घरीच करा, धर्मपिता आणि धर्ममाता यांना बोलवा, आजी-आजोबांना मुलीच्या शेजारी बसवा. सासूबाईंना हे सांगताना खर्चाची बाजू लपवू नका. आपल्याकडे लोक सोसायटीचे कर्ज काढून हे सोहळे करतात आणि पाहुणे ते चार दिवसांत विसरतात. लोक नावे ठेवतील, हे खरे आहे. पण पुढच्याच वर्षी दुसरी एखादी आई तुमचे उदाहरण देऊन आपल्या घरी हेच म्हणू शकेल.

आणि त्या सोहळ्याच्या पुढच्या रविवारी मुलीला मिस्साला घेऊन जा. पहिल्या कम्युनियनला आलेली कितीतरी मुले दुसऱ्या कम्युनियनला दिसत नाहीत, हे आमच्या फादरांचे मोठे दुःख आहे.

प्रश्न : मी गुडघे टेकून, जिभेवर कम्युनियन घेते. एका ठिकाणी मला सर्वांसमोर उभे राहण्यास सांगण्यात आले आणि ‘करोना गेला तरी तुमची सवय जात नाही’ असेही सुनावले गेले. माझे चुकले का? (एक वाचक, पापडी)

उत्तर : तुमचे चुकले नाही. २००४ मध्ये रोमने दिलेल्या सूचनेत दोन गोष्टी निःसंदिग्ध आहेत : श्रद्धावंताला जिभेवर कम्युनियन घेण्याचा हक्क नेहमीच असतो, आणि कोणी गुडघे टेकले किंवा कोणी उभे राहिले म्हणून त्याला कम्युनियन नाकारता येत नाही. महामारीच्या काळात ठिकठिकाणी केवळ हातावर देण्याचे ठरले. तो आजारापुरता बंदोबस्त होता.

हातावर घेणाऱ्यांविषयी मात्र मनात अढी ठेवू नका. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप संत सिरिल नवख्रिस्तींना शिकवत की, राजा येत आहे म्हणून डाव्या हाताचे सिंहासन करून त्यावर उजवा हात ठेवावा आणि एकही कण सांडू देऊ नये. असा भाव असेल तर हातावर घेणेही पूजाच आहे. झालेला प्रकार फादरांना एकांतात, मिस्सानंतर आणि राग शांत झाल्यावर सांगा. रांगेत वाद घालू नका, कारण त्या क्षणी तुमच्या दोघांमध्ये प्रभू असतो. त्यांनी ऐकले नाही, तर बिशपांना सभ्य शब्दांत पत्र लिहा आणि त्याखाली आपले नाव घाला.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. चर्चमध्ये डोक्यावर ओढणी घेते म्हणून मैत्रिणी हसतात. हा नियम आहे का? (एक विद्यार्थिनी, विरार)

उत्तर : आता नाही. चर्चच्या १९१७ च्या कायद्यात तो होता, १९८३ च्या कायद्यात तो राहिला नाही. आपल्या आज्या मात्र कायदा न वाचताच लुगड्याचा पदर डोक्यावरून घेत आणि चर्चच्या पायरीवरच त्यांचा आवाज खाली येई. मीही पदर घेते. तुम्हाला ओढणीने प्रार्थनेत मन लावायला मदत होत असेल तर जरूर घ्या. न घेणाऱ्या मैत्रिणीच्या श्रद्धेचे मोजमाप त्यावरून करू नका.

प्रश्न : आम्ही तरुणांनी गायनवृंद सुरू केला. की-बोर्ड, गिटार आणि ड्रम आहेत. लोक शेवटी टाळ्या वाजवतात, पण काही ज्येष्ठ नाराज आहेत. तरुणांना चर्चमध्ये ठेवायचे तर संगीत आजचे नको का? (गायनवृंदातील एक तरुण, गास)

उत्तर : दर शनिवारी सरावाला वेळ देणारी मुले धर्मग्रामात आहेत, याबद्दल आधी देवाचे आभार. तुमच्या मेहनतीचा आदर ठेवूनच मी पुढचे लिहीत आहे.

मिस्सामध्ये आपण गाणी म्हणत नाही, मिस्सा गातो. प्रवेशाच्या वेळी एक गीत, अर्पणाच्या वेळी एक, कम्युनियनच्या वेळी दोन आणि शेवटी एक, अशी पाच गाणी बसवली की आपले काम झाले, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. खरे तर ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, ‘हे देवाच्या कोकरा’, स्तोत्राचे धृपद आणि फादरांना द्यावयाची उत्तरे यांना गायनात पहिला मान आहे. ते ठरलेले शब्द बदलून त्यांच्या जागी दुसरे गीत घालण्याची परवानगी गायनवृंदाला नाही. फादरांनाही ती नाही. उपासनेत स्वतःच्या अधिकारात कोणीही, अगदी धर्मगुरूनेही, काही घालू, गाळू किंवा बदलू नये, असे महासभेचेच संविधान सांगते.

वाद्यांविषयी रोमच्या १९६७ च्या सूचनेत एक कसोटी आहे : जी वाद्ये लोकांच्या समजुतीनुसार आणि वापरानुसार केवळ ऐहिक संगीतालाच शोभतात, ती उपासनेत नकोत. आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमध्ये ड्रमसेट कशासाठी वाजतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पेटी आणि तबला घेऊन संथ भजनाच्या चालीवर स्तोत्र गायले तर माझी हरकत नाही. परंपरेची बाजू घेणारे माझे काही मित्र भारतीय रूपाच्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी आरती, समई, पंचांग प्रणाम अशा बारा गोष्टींना मान्यता दिली. पंचांग प्रणामात माणूस देवापुढे जमिनीला कपाळ टेकतो. त्याहून पारंपरिक काय असू शकते?

टाळ्या मात्र थांबवा, तुम्ही स्वतः विनंती करून थांबवा. आणि कम्युनियननंतर एकही गीत न घेता काही मिनिटे पूर्ण शांतता ठेवून पाहा. मिस्साची नियमावली त्या मौनाचा स्पष्ट उल्लेख करते. आपण ते मौन गाण्याने, सूचनांनी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरून टाकतो. तरुण चर्च सोडतात ते संगीत जुने वाटते म्हणून, हे मला पटत नाही. बाहेर त्यांना याहून सफाईदार संगीत चोवीस तास कानात मिळते. जे बाहेर कुठेच मिळत नाही ते चर्चमध्येही मिळाले नाही, तर त्यांनी का यावे? नाराज असलेल्या ज्येष्ठांपैकी दोघा-तिघांना तुमच्या सरावाला बोलवा. जुन्या चाली त्यांना पाठ आहेत आणि त्या लिहून ठेवलेल्या नाहीत; त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम तुमच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही.

प्रश्न : माझ्या आजी अंथरुणावर आहेत. त्या रोज मोबाइलवर मिस्सा पाहतात. तेवढे पुरेसे आहे का? मीही कधी कधी त्यांच्याबरोबर घरीच पाहतो. (एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : आजींना रविवारच्या मिस्साचे बंधन नाही, आजारपणामुळे ते आपोआप सुटते, आणि पडद्यावरच्या मिस्साबरोबर त्या जी प्रार्थना करतात ती देव निश्चित ऐकतो. तुम्ही धडधाकट आहात, तेव्हा तुम्हाला ती सवलत नाही. तुम्हाला चर्चमध्ये जायला हवे.

आजींना मात्र पडद्यापेक्षा अधिक मिळू शकते. त्यांना घरी कम्युनियन मिळावे म्हणून फादरांना विनंती करा आणि त्या आधी कन्फेशनची इच्छा त्यांना आहे का, हेही विचारून घ्या. फादर येतील त्या वेळी खाटेजवळ लहान टेबलावर पांढरे कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पेलाभर पाणी ठेवा, टीव्ही बंद करा आणि घरातल्या सर्वांनी खोलीत थांबून प्रार्थनेत भाग घ्या. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मग्रामाच्या कार्यालयात त्यांचे नाव, पत्ता आणि तुमचा फोन नंबर लिहून द्या.